निमुळत्या कॉरिडॉरवरची सही

हिरो धावत कॉरिडॉरच्या टोकाशी पोहोचला आणि त्याचं डोकं छताला आपटलं. हेल्मेट होतं म्हणून लागलं नाही. पण मॉनिटरवर दिसलं ते असं, की चांगला साडेपाच फुटी माणूस पळता पळता राक्षसाएवढा झाला आणि दारात अडकला.

"कट," दिग्दर्शक म्हणाले. "हे काय बांधलंय?"

अन्वी, ईशान, गेल्या आठवड्यात तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, टायटल्समध्ये तुझं नाव आलं, पण ते यान सगळ्या मालिकांतल्या यानांसारखंच का दिसतं?" मी विषय बदलला. उत्तर लांब आहे, म्हणून क्रमाने लिहिते.

'दूरयान' ही विज्ञान मालिका मी पहिल्यांदा केली तेव्हा तुमचे बाबा शाळेत होते. मी प्रॉडक्शन डिझायनर होते. म्हणजे पडद्यावर माणसांच्या मागे, बाजूला आणि हातात जे जे दिसतं, ते कसं असावं हे ठरवणारी. यान आम्ही अमळनेरच्या एका बंद तेल गिरणीच्या गोदामात बांधलं. बांधलं ते तिथल्या सलीमभाई सुतारांनी. तेलाचे रिकामे डबे कापून, ठोकून सपाट केले आणि भिंतींना लावले. पत्र्यावर हातोडीचे ठोके दिसत. प्रत्येक खटक्यापाशी सलीमभाई विचारायचे, "ताई, आठे कोना हात लागी?" इथे हात लावणार कोण, हे कळल्याशिवाय ते खिळा मारत नसत. लोकांना ते यान अजून आठवतं. टायटल्समध्ये माझं नाव आलं, त्यांचं राहून गेलं.

दोन वर्षांपूर्वी तीच मालिका नव्याने करायचं ठरलं. गोदामही तेच. मला सल्लागार म्हणून बोलावलं. मी जळगावहून रोज सकाळच्या गाडीने जाऊ लागले. अट एकच घातली होती. सेट सलीमभाई बांधतील आणि या वेळी त्यांचं नाव येईल. हे सांगायला मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांनी चष्मा लावून एका कागदावर पूर्ण नाव लिहून दिलं, वडिलांच्या नावासकट. मी तो कागद फाइलला लावला.

नवा डिझायनर तन्मय, मुंबईचा. हुशार आणि नम्र मुलगा. त्याने आपला रेफरन्स बोर्ड दाखवला. कल्पना सुचावी म्हणून जमवलेल्या चित्रांना रेफरन्स बोर्ड म्हणतात. याच्या बोर्डवर सुचायला काही उरलंच नव्हतं. परदेशी मालिकांमधले फोटो. राखाडी भिंती, निळ्या प्रकाशाच्या पट्ट्या, षटकोनी दारं.

"तन्मय, यात आपलं काय आहे?"

"मॅडम, ऑडियन्सला ओळखीचं लागतं."

"मग पत्र्याच्या भिंती ठेव. त्यांच्याइतकं ओळखीचं काय आहे?"

"त्या चॅनेलला गावठी वाटल्या."

आठवड्याने कॉरिडॉरचं ड्रॉइंग आलं. सलीमभाईंनी ते गोदामाच्या ओट्यावर पसरलं, पट्टी लावली आणि मला हाक मारली.

"ताई, हाई गल्ली तिकडे बारीक व्हयी ऱ्हायनी. मानूस जाई कसा?"

मला लगेच कळलं. याला फोर्स्ड पर्स्पेक्टिव्ह म्हणतात. स्टुडिओत जागा कमी असली की कॉरिडॉरचं दूरचं टोक मुद्दाम लहान बांधतात. जमीन थोडी चढती, छत उतरतं. कॅमेऱ्याला कॉरिडॉर खूप लांब वाटतो. त्या टोकाला नटाने जायचं नसतं, एवढंच पथ्य. फोटोतला सेट बांधणाऱ्यांना जागा अपुरी पडली असणार. आमच्या गोदामात पूर्वी ट्रक वळायचे. तन्मयच्या माणसांनी फोटोवरून मापं काढली आणि परक्यांची अडचणसुद्धा फुटा-इंचात उतरवून घेतली.

मी तन्मयला समजावलं.

"मॅडम, रेफरन्स लॉक झालाय. बदल करायचा तर परत चॅनेलकडे जावं लागेल. सोमवारी शूट आहे."

"हिरो त्या टोकापर्यंत धावतो. स्क्रिप्टमध्ये आहे."

"ते शूटला बघू. तुमची सही तेवढी द्या."

मी सही दिली. कितीतरी वर्षांनी हातात ड्रॉइंगचा रोल घेऊन मी गाडीत चढत होते. नाही म्हटलं असतं तर काम गेलं असतं, आणि ते मला सोडवत नव्हतं.

सलीमभाईंनी सही पाहिली. "तुमनी सही शे ना? मंग ठोकस मी." आणि त्यांनी ड्रॉइंगबरहुकूम बांधलं. सूतभरही फरक नाही.

तर सोमवारी दिग्दर्शकांनी विचारलं, हे काय बांधलंय.

तन्मय म्हणाला, "सर, लोकल सुतार आहेत. मापं वाचताना चूक झाली असेल."

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. सही केलेलं ड्रॉइंग घडी करून माझ्या मांडीवरच्या फाइलमध्ये ठेवलेलं होतं. मी फाइल उघडली नाही. कुणीतरी जेवणाची सुट्टी जाहीर केली.

दोन दिवसांत सलीमभाईंनीच ते टोक पाडून सरळ बांधून दिलं. पुढे टायटल्सची यादी आली. त्यात त्यांचं नाव नव्हतं.

"त्या प्रकारानंतर चॅनेलने वगळलं, मॅडम," तन्मय म्हणाला.

तेव्हा मी फाइल उघडली आणि ड्रॉइंग त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते शांतपणे पाहिलं.

"यावर तर तुमचीच सही आहे. हे चॅनेलला दाखवू का? मग तुमचंही नाव राहणार नाही."

मी ड्रॉइंग परत घेतलं.

सलीमभाईंना सांगायला मी स्वतः गेले. ते रंधा मारत होते, थांबले नाहीत. म्हणाले, "मागच्या बारीले बी नाव नव्हतं. सगळं जुनंच परत करनं व्हतं ना, ताई? मंग हाई बी जुनंच." आणि हसले. मला हसता आलं नाही.

त्यांच्या नावाचा कागद अजून माझ्या फाइलमध्ये आहे, त्या ड्रॉइंगच्या मागे.

तुम्ही दोघं आता कामाला लागाल. दुसऱ्याचं पाहून काही केलंत, तर त्याने ते तसं का केलं होतं, एवढं आधी विचारा. चुकीच्या कागदावर सही करू नका. केलीच, तर फाइल सोमवारीच उघडा. नंतर उघडून उपयोग होत नाही.