लंगडं असेपर्यंत

माझ्या सासूबाईंचा नेम कधी चुकत नसे. अंगणात खारे बांगडे वाळत घातले की त्या पडवीच्या पायरीवर बसायच्या आणि हाताशी जळणाच्या ढलप्या ठेवायच्या. कावळा उतरला की ढलपी सुटायची. त्या दिवशी कावळ्याच्या जागी आमचं बदक आलं. ढलपी बरोबर पायावर बसली आणि ते तिथेच कोलमडलं. सासूबाईंनी आधी विस्कटलेले बांगडे सारखे केले, मग मला हाक मारून सांगितलं, मेलं का बघ, नसेल मेलं तर मासे कापायचा आडाळा आण.

त्या वर्षी वाडीतल्या कोंबड्या मर येऊन संपल्या होत्या, म्हणून नवऱ्याने कसालच्या बाजारातून तीन बदकं आणली होती. ती खायलाच आणलेली, त्यात लपवाछपवी काही नव्हती. तरी आडाळा आत परत गेला तो नणंदेमुळे. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि पोटुशीच्या पोटात लंगड्या जनावराचं मांस गेलं तर मूल लंगडं जन्मतं, असं सासूबाईंचं ठाम मत होतं. हे शास्त्र त्यांना कुणी शिकवलं कुणास ठाऊक. बरं, तिला वगळून बाकीच्यांनी खावं तर तिची वासना अडकते. म्हणजे ती बाळंत होईपर्यंत त्या बदकाला कुणी हात लावणार नव्हतं.

मी आंबोलीची. घाटावरची मुलगी तोंडवलीला समुद्रावर सून म्हणून आली की तिला काय काय येत नाही ते तिला रोज ऐकवलं जातं. मला मासा साफ करता येत नव्हता, मला वाऱ्यात चूल पेटवता येत नव्हती, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला मूल होत नव्हतं. दुखावलेलं जनावर मात्र मला सांभाळता येत होतं, माहेरी आम्ही गुरांतच वाढलो. नारळाच्या झावळीचे दोन हीर तासून मी पायाला दोन्ही बाजूंनी लावले, हळद-तेल चोळून जुन्या साडीच्या पट्टीने बांधले. दुपारी मोठ्या घमेल्यात पाणी भरून बदकाला त्यात तरंगत ठेवायची, म्हणजे पायावर भार येत नसे. माझ्या बोटांतून ते पेजेतलं शीत टिपायचं. नणंद झोपाळ्यावरून बघायची आणि हसायची. एकदा शेजारणीसमोर तिने विचारलं, "वहिनी, ह्याचा बारसा कधी करतंस गो?" शेजारीण हसली. सासूबाईही हसल्या. मी घमेल्यातलं पाणी बदललं. नणंदेचा मला इतका राग यायचा की तिच्या ताटात मीठ जास्त पडावं असं वाटायचं, पण तेवढंही धाडस माझ्यात नव्हतं.

उरलेली दोन बदकं तर माणसांच्या वरताण. जरा अंगणात सोडलं की दोघं मिळून लंगड्याच्या मानेची पिसं उपटायची. मी काठी घेऊन त्यांच्या मागे धावायची. मग नणंदेला डोहाळे लागले, आणि आधी एक गेलं, काही दिवसांनी दुसरं. दोन्ही वेळा सासूबाईंनी आधी पाय दाबून बघितले. खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. मानेवरचे ते घाव आठवले आणि मी पोटभर जेवले.

त्यानंतर अंगणात एकच बदक राहिलं, आणि त्याचा पाय बरा होत होता. पट्टी सोडली तेव्हा ते थोडं अडखळलं, मग चार पावलं सरळ गेलं. मला एवढा आनंद झाला की मी टाळीच वाजवली. टाळी ऐकून सासूबाई बाहेर आल्या. त्या बदकाच्या सरळ पडणाऱ्या पावलांकडे बघत उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या माशांची आतडी लांब माडाच्या बुंध्याशी फेकू लागल्या आणि बदक कसं चालत जातं ते निरखू लागल्या. मग मी काय करणार? जाळं विणायचा नायलॉनचा धागा घरात पडलेलाच असायचा. सकाळी सगळे उठायच्या आत त्याचा एक वेढा मी बदकाच्या पायाला द्यायची, पंजाच्या जरा वर, सहज दिसणार नाही असा. फार आवळला तर पाय सुजेल, सैल राहिला तर ते सरळ चालेल. संध्याकाळी धागा सोडायची आणि वळ उठलेल्या जागी तेल चोळायची. सकाळी लंगडं करायचं, संध्याकाळी बरं करायचं. बांधताना ते माझ्याकडे मान वाकडी करून बघायचं, पण पाय ओढून घेत नसे. एरवी मी जे काही केलं ते त्याच्या भल्याचंच होतं, त्यामुळे हेही त्याने तसंच धरलं असावं. सासूबाई चडफडायच्या, म्हणायच्या, घाटावरचं औषध ते घाटावरचंच.

नणंद मालवणच्या दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली. मुलगा झाला. सासूबाईंनी दुपट्यातून त्याचे दोन्ही पाय बाहेर काढून ओढून बघितले. एकदम सरळ होते.

सोयर फिटल्यावरच्या रविवारी मुंबईचे व्याही बाळ बघायला येणार होते. व्याह्यांना ब्रॉयलर घातलं तर घराचं नाव जातं, आणि गावठी कोंबडी तर वाडीत औषधाला उरली नव्हती. सकाळीच सासूबाईंनी आडाळा अंगणात मांडला. धागा मी अजूनही रोज बांधत होते. म्हटलं, अजून लंगडतंय ते.

त्यांनी आडाळ्याचं पातं पुसलं. "सागोतीत पाय कोण बघता गो?"

बरोबरच होतं त्यांचं. व्याही काही पोटुशी नव्हते.

बदक कुठेतरी माडांत चरत होतं. सासूबाईंनी हाका मारल्या, शितं फेकली, ते काही आलं नाही. त्यांच्या आवाजाला ते दबकूनच असायचं. मग त्या मला म्हणाल्या, "तुज्याच हाकेक येता ता. हाक मार."

सून होऊन आल्यापासून मी त्या घरात एकदाही तोंड वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "माका जमाचा नाय. काय करूचा ता करा, मी हाक मारूचंय नाय."

सासूबाई माझ्या पाठीमागे बघत होत्या. माझा आवाज ऐकून बदक माडांतून बाहेर आलं होतं. सकाळी बांधलेल्या धाग्याने पाय उचलत उचलत, थांबत थांबत ते अख्खं अंगण ओलांडून माझ्या पायाशी येऊन उभं राहिलं. सासूबाईंनी वाकून ते उचललं.