देवाच्या जबड्यातली दाढ

मुलगी बघायला गेलो तेव्हा पद्मजानं माझ्या तोंडाकडे इतकं रोखून पाहिलं की मी आतून खूश झालो. लग्नानंतर कळलं, बाईसाहेब माझे दात बघत होत्या. आदिलाबादच्या कॉलेजात तिनं जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं, पण जीव अडकलेला तो दगड झालेल्या सरड्या-सुसरींच्या जबड्यांत. मी बँकेतला माणूस. ऐकून ऐकून मलाही थोडं कळायला लागलं. सरपटणाऱ्यांचे दात बहुतेक एकासारखे एक, टोकदार. पुढे सुळे आणि मागे रुंद दाढा असा जुना जबडा मिळाला, तर तो प्राणी आपल्या, म्हणजे सस्तनांच्या वाटेवरचा असण्याचा संभव.

यंदा ती निवृत्त व्हायची होती. नेमका तेव्हाच बेज्जूरकडच्या मयूरी नावाच्या विद्यार्थिनीनं आपल्या शेतातल्या देवाचा फोटो पाठवला. देव म्हणजे शेंदरानं माखलेला वीतभर दगडी जबडा. पुढे टोकदार दात आणि मागे चक्क दाढ! पद्मजानं लेखच लिहून काढला. नवी जात, आयुष्यात एकदा तरी आपल्या हातची. लेकीच्या जन्मानंतर तिला इतकं आनंदात मी पाहिलं नव्हतं. दाढ हाडात कशी रुतलीय तेवढं बघायचं आणि लेख धाडायचा, म्हणून आम्ही बेज्जूरला गेलो.

देवाचा शेंदूर काढू द्या असं मयूरीच्या आईला, रेणुकाबाईंना, कसं म्हणावं, म्हणून पद्मजा चहा गार होईपर्यंत घुटमळली. शेवटी रेणुकाबाईच म्हणाल्या, "काऊन भेता मॅडम? खोळ जड झाली का आमीच काढतो."

त्यांनी कोमट तेल सोडून शेंदराची खोळ सैल केली. खोळ निघाली आणि तिच्याबरोबर दाढही पद्मजाच्या तळहातावर आली. तिनं ती उलटी करून पाहिली. ती माणसाच्या पोराची दुधाची दाढ होती.

"आमच्या गोपालची हाय ते, मयूरीच्या भावाची," रेणुकाबाई कौतुकानं म्हणाल्या. "पोराचा दात पडला का आमी देवाच्या रिकाम्या खाचीत बसवतो. देवाचे पडलेले आमी भरतो, पोराचे नवे तो देते."

मागच्या खाचा पुढच्यासारख्याच गोल होत्या. म्हणजे साधी, ओळखीची, सुसरीसारखी जात. लेख निकालात निघाला. मला देवाचा, गोपालचा, सगळ्यांचाच राग आला.

पद्मजाचा उतरलेला चेहरा बघून रेणुकाबाई चपापल्या. "आमच्या पोराच्या दातानं तुमचं काई बिघडलं का, मॅडम?"

"नाही हो, उलट अगदी मनासारखं झालं माझं." मग तिनं दाढ पुसली, कुठल्या खाचीतली ते विचारलं आणि चिमूटभर शेंदूर लावून जागच्या जागी बसवली.

पद्मजाला खोटं बोलता येत नाही. माझा सदरा वाईट दिसला तर चारचौघांत सांगते. त्या दिवशी मात्र ती इतक्या सफाईनं बोलली की रेणुकाबाई मोकळ्या हसल्या, आणि मला रडू आलं.