बाबूरावांचं बयान

आमच्या ह्यांना, म्हणजे बाबूरावांना, जे घडलं ते तस्संच सांगायची खोड. महूच्या फौजी वर्कशॉपात पस्तीस वर्षं स्टोअर सांभाळलं, एक नटबोल्ट इकडचा तिकडे झाला नाही. मला अभिमान होता त्याचा. या एप्रिलपासून मात्र नुसता संताप येतो.

दर चौदा एप्रिलला जयंतीसाठी गावोगावचे लोक महूला येतात. हे आपली कार घेऊन इंदूर स्टेशनवर हजर! म्हाताऱ्याकोताऱ्यांना महूला पोचवायचं, तेही फुकट. यंदा अकोल्याच्या गयाबाई बसल्या. ओळख ना पाळख, पण बाई मानी. "जयंतीला आलेय, फुकट नाही बसणार," म्हणत त्यांनी पेट्रोलचे दोनशे रुपये ह्यांच्या खिशात कोंबलेच. वाटेत राऊ गावाजवळ एक डंपर आडवा घुसला. गयाबाईंचा हात मोडला, ह्यांना खरचटलं आणि गाडीचं तोंड पार चेपलं.

इन्शुरन्सचा सर्वेयर गॅरेजमध्ये आला. गप्पा मारता मारता म्हणाला, "बाबूजी, सवारी से कुछ लिया था क्या?" आणि आमचे शहाणे म्हणतात, "हां, पेट्रोल के दो सौ दिए थे." त्याने ते बयानात लिहिलं, ह्यांनी खाली सही ठोकली. महिन्याभरात पत्र आलं: खासगी गाडी भाड्याने चालवली, क्लेम नामंजूर.

भाड्याने म्हणे! अरे, भाडं कशाला म्हणतात ते तरी कळतं का रे तुम्हाला?

आमची मुलगी प्रीती व्हीलचेअरवर असते. विजय नगरच्या एका ऑफिसात नोकरी. खुर्ची डिकीत टाकून हेच तिला नेत-आणत. रिक्षावाले खुर्ची बघूनच पुढे निघून जातात. गाडी गॅरेजातच अडकली, दोन महिने ती घरात कोंडलेली. ऑफिसने कळवलं, पंधरा जुलैपर्यंत या, नाहीतर आम्ही दुसरं माणूस बघतो. "आई, टेन्शन नको घेऊ यार," असं म्हणून पोरगी तोंड फिरवायची. मला काय दिसत नव्हतं?

इन्शुरन्सच्या तुकोगंजच्या ऑफिसात आम्ही चार चकरा मारल्या. शेवटी तिथली एक बाई हळूच म्हणाली, "अंकलजी, बयान बदल दीजिए. सवारी भी लिख दे कि कुछ नहीं दिया."

"खोटं लिहून देऊ?" घरी आल्यावर हे म्हणाले. "गयाबाईंनी दिले होते ना."

मी भडकले. "आणि इन्शुरन्सवाल्यांनी भाडं लिहिलं ते खरं? तुमचा खरेपणा ठेवा तुमच्यापाशी! माझ्या पोरीची नोकरी चाललीये!"

हे चपला घालून बाहेर निघून गेले.

अपघाताच्या वेळी नंबर घेतला होता, गयाबाईंना फोन मीच लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दान म्हणून दिले होते, बाई. माझ्यापायी झालं हे सगळं. पाठव कागद, करीन सही."

ह्यांनी नव्या बयानावर सही केली आणि माझ्याकडे न बघताच कागद लोटला. मला दिसलं. तरी मी कागद उचलला आणि पाकिटात घातला.

क्लेम पास झाला. जुलैच्या दहा तारखेला गाडी आली, दुसऱ्या दिवशी प्रीती कामावर गेली. जाताना हसली पोरगी.

रविवारी विहारात सगळे पंचशील म्हणत होते. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. हे एकदम थांबले, मान खाली. शेजारची दोघं वळून बघायला लागली. मग मी आवाज चढवला आणि ह्यांच्या वाटचंही म्हटलं.