शिवांजलीच्या सर्किटातले शेजारी

मलकापुरात बातमी उठली, की लालासाहेबांची लेक शिवांजली विहिरीवरच्या पेटीत हात घालून वीज चोरते. चोरी कसली, पोरगी मीटर लावून व्होल्टेज मोजत होती. पंपाचे स्टार्टर बनवणाऱ्या कंपनीसाठी ती कॉम्प्युटरवर सर्किटची मॉडेलं करते. मॉडेलात पंप झकास चालू व्हायचा, शिवारात मात्र स्टार्टर बंद पडायचा. दोन्हीकडचे आकडे सोमवारपर्यंत जुळले नाहीत, तर काम दुसऱ्याला देईन, असं कंपनीच्या साहेबानं बजावलेलं.

शिवांजली कसली डगमगतेय? लाईट यायच्या वेळेला ती विहिरीवर जाऊन बसली. आमच्याकडं विहिरीपर्यंत चालायचा कंटाळा, म्हणून सगळ्यांचे पंप ऑटोवर, आपोआप चालू होणारे. लाईट आली, अख्ख्या शिवाराचे पंप एकदम उठले, व्होल्टेज कोसळलं आणि स्टार्टर बंद पडला. तिच्या मॉडेलात पंप एकटाच होता. तिनं आजूबाजूचे पंपही त्यात घातले आणि आकडे चपखल बसले.

"म्हंजे तुझं सर्किट चुकलंच हुतं की गं," लालासाहेबांनी डिवचलं.

"आवं आबा, सर्किट बरोबरच हुतं. त्यात शेजारी तेवढे घालायचे राहिले हुते, आन् शेजाऱ्यांबिगर आपल्या गावात काय चालतंय?"