कडी दोनदा ओढायची

सिद्दम्मा रोज सकाळी सोप्पु, म्हणजे पालेभाजी, घेऊन येते ती कोपऱ्यापासूनच ओरडत येते. त्या शनिवारी ती ओरडली नाही. खिडकीतून पाहिलं तर डोक्यावरची पाटी तशीच, आणि बाई पायरीशी उभी. मला वाटलं, आज हिचं कुणाशी तरी वाजलेलं दिसतंय. बाहेर आले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अम्मा, अक्का होदरु." अक्का गेल्या... मी म्हटलं, असं कसं, काल संध्याकाळी तर माझ्याशी भांडल्या त्या! सिद्दम्मानं पाटी उतरवली आणि माझ्याच पायरीवर बसून ती रडायला लागली. मग मीही बसले. गॅलरीतून यांनी विचारलं काय झालं, तर दोघींपैकी एकीलाही सांगता येईना.

याला आता पाच आठवडे झाले. वेणूअक्का कोण हे राजाजीनगरात कुणाला सांगावं लागत नाही, पण पुरवणीच्या वाचकांना सांगायला हवं. अक्का अस्सल बंगळूरच्या मराठी. त्यांच्या पणजोबांच्याही आधी कधीतरी घराणं इकडे आलं, शिंप्याचा धंदा, भावाचं चिकपेटला कापडाचं दुकान. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. नवी वसाहत वसत होती तेव्हा भावानं इथे छोटं घर बांधून दिलं, त्यात मागे पत्र्याची एक शेड. अंगानं काटकुळ्या, नाकात तपकीर, आणि बोलणं असं की निम्मं मराठी, निम्मं कानडी. मी पुण्याहून लग्न होऊन नवीनच आलेली, हे सरकारी कारखान्यात इंजिनियर, माझं नाक भलतंच वर. "स्वल्प थांब गं, दूध उतू जातंय" असं अक्का म्हणाल्या की मी घरी येऊन यांना नक्कल करून दाखवायची. हे हसायचे. आज त्या नकलेची लाज वाटते, पण केली ती केली.

शेडचा आरंभ कुणी ठरवून केला नाही. सिद्दम्मा तेव्हा आपल्या तान्ह्या लेकीला, मंजुळेला, भाजीच्या पाटीत, पालकाच्या जुड्यांशेजारी झोपवून दारोदार फिरायची. अक्कांनी एकदा पाटी उतरवून घेतली, भाजी ठेवली बाजूला आणि पोर उचललं. संध्याकाळी ये, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी गवंडीकाम करणाऱ्या बाईचं पोर आलं, मग कारखान्यातल्या एका तमिळ फिटरची जुळी. आम्ही सगळे घरदार, सासू, नणंदा मागे टाकून इथे आलेले. आमच्या मुलांना आजी नव्हती, आत्या नव्हती. माझा श्रीधर तर तीन वर्षांचा होईपर्यंत माझ्याखेरीज कुणाकडे जात नव्हता आणि जवळ आलेल्या मुलाला कडकडून चावत होता. अक्का एक दिवस दारात येऊन म्हणाल्या, "माले, तुझा राक्षस उद्यापासून शेडमध्ये पाठव. आणि तू शुक्रवारी ये." मी विचारलं, शुक्रवारी कशाला? तर म्हणाल्या, फुकट सांभाळायला मी काय धर्मशाळा उघडलीय?

पूर्वी गरीब विद्यार्थी घरोघर वार लावून जेवायचे, तसे अक्कांनी आयांचे वार लावले होते. आईनं आपल्या वारी सकाळी यायचं, सगळ्यांना रागीची पेज भरवायची, शी-शू काढायची, गोष्ट सांगायची. गोष्ट आपापल्या भाषेत. शेडच्या दाराशी एक पाटी टांगलेली असायची, त्यावर आदल्या संध्याकाळी अक्का उद्याच्या बाईचं नाव खडूनं लिहून ठेवत. जिला वेळ देणं जमायचं नाही तिनं दुसरं काही द्यायचं. सिद्दम्मा पालेभाजी द्यायची, अक्कांचा भाऊ चिंध्या द्यायचा, त्याच्या बाहुल्या व्हायच्या. शनिवारी कुणालाच यायला नको असायचं, घरोघर न्हाण्याचा आणि धुण्याचा दिवस. म्हणून शनिवारच्या पाटीवर अक्का स्वतःचंच नाव लिहायच्या. आणि या सगळ्यावर त्यांचा एक कायदा होता. तो ऐकून मी पहिल्यांदा मनात म्हटलं होतं, बाई जरा वेडीच दिसते. कायदा असा, की आपल्या वारी आपलं मूल आपलं नाही. ते रडलं तर दुसऱ्या कुणी घ्यायचं, पडलं तर दुसऱ्या कुणी उठवायचं. आईनं त्या दिवशी फक्त लोकांची मुलं बघायची. अक्का म्हणायच्या, एकीनं आपलंच पोर बघितलं की बाकीची पोरकी होतात.

बाई काही संत नव्हत्या हेही सांगून टाकते. दुपारी मुलं झोपली की आम्ही कवड्यांनी चौकाबारा खेळायचो, आणि त्यात अक्का सर्रास लबाडी करायच्या. कवड्या टाकायच्या, तोंडानं चार म्हणायच्या आणि सोंगटी पाच घरं पुढे. पकडलं तर चेहरा इतका निष्पाप की आपलंच चुकलं असेल असं वाटावं. शेवटच्या संध्याकाळचं आमचं भांडण त्यावरूनच झालं होतं. आणखी एक सवय होती. शेडपुढच्या अंगणाला लाकडी फाटक, त्याची कडी जुनी. बसली असं वाटायचं आणि बसायची नाही. म्हणून अक्का जाता-येता वरून हात घालून कडी लावायच्या आणि दोनदा ओढून बघायच्या. खट्, खट्. आम्हालाही तेच करायला लावायच्या आणि आम्ही त्यांच्या माघारी हसायचो.

आता जे लिहिणार आहे ते बारा वर्षं मी कुणाला सांगितलं नाही, यांनासुद्धा. कार्तिकातले दिवस होते, माझा शुक्रवार होता. सिद्दम्मा त्या दिवशी उशिरा आली, मंजुळेला सोपवलं आणि अक्का तिच्याबरोबरच बाहेर पडल्या, चिकपेटहून चिंध्या आणायला. अकरा मुलं आणि मी. श्रीधरनं सकाळपासून भोकाड पसरलं होतं. कायद्याप्रमाणे मी लक्ष द्यायचं नव्हतं. तमिळ फिटरची बायको येऊन त्याला घेणार होती, ती आली नव्हती. तेवढ्यात रस्त्यावरून उकडलेल्या कडलेकाईवाला, आपल्या भुईमुगाच्या शेंगा विकणारा, ओरडत गेला आणि श्रीधर त्याच्याकडे हात करून आणखी टाहो फोडायला लागला. मी त्याला उचललं, फाटक उघडून बाहेर गेले, भिंतीआड उभी राहिले, बाकीच्यांना दिसू नये म्हणून, आणि एक पुडी घेऊन त्याच्या हातात दिली. तो गप्प झाला. कडेवर मूल, हातात पुडी, पदर सावरत आत आले. कडी लावली का? लावली असेल, दोनदा नक्कीच ओढली नाही. पेज भरवायला बसले तेव्हा वाट्या अकरा आणि मुलं दहा.

मंजुळा तेव्हा अडीच वर्षांची होती. नवी वसाहत, रस्त्याच्या दुतर्फा गटाराचे खणलेले चर, अर्धवट विहिरी, विटांचे ट्रक... मी फाटकाशी उभी राहून किंचाळले एवढं आठवतं. शेजारपाजारच्या बायका धावल्या. अक्का परत आल्या त्या डोक्यावरचं गाठोडं तसंच टाकून शोधायला निघाल्या. निघण्यापूर्वी मात्र त्यांनी शेडमध्ये एक नजर टाकली. श्रीधरच्या पुढ्यात शेंगांची टरफलं पडली होती. त्या वाकल्या, टरफलं गोळा केली, पदराच्या टोकाला गाठ मारली आणि गेल्या. मी ते पाहिलं आणि मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला, शिफ्ट सुटली, सायकलींवरून घरी निघालेली माणसं घरी न जाता गल्ली-गल्लीत पांगली. सिद्दम्मा रस्त्याच्या मधोमध उभी राहून एकसारखी लेकीचं नाव घेत होती. शेवटी एका गवंड्याला मंजुळा सापडली. रस्त्याकडेला टाकलेल्या सिमेंटच्या मोठ्या नळात, सावलीला, अंगठा चोखत गाढ झोपलेली.

रविवारी बैठक झाली. वसाहतीच्या कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, मुलं सांभाळणं हे ज्या-त्या आईचं काम, हा पोरखेळ बंद करा. बरेच बाप माना हलवत होते. कुणीतरी विचारलं, फाटक उघडं कुणी ठेवलं? मी खाली बघून चटईच्या काड्या मोजत राहिले. आणि अक्का उठल्या. चौकाबाऱ्यात चाराचे पाच करताना असायचा तोच चेहरा. म्हणाल्या, "मी चिकपेटला निघाले, घाईत होते. कडी माझ्या हातून राहिली." कुणी त्यांना रागावलं नाही, पण सोमवारपासून मूल पाठवणार असंही कुणी म्हटलं नाही.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. सकाळी उठून मी अक्कांकडे गेले. त्या अंगणात सडा टाकत होत्या. मी म्हटलं, "अक्का, शुक्रवारी मी..." त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "झालं ते झालं. शुक्रवारी येणार की नाही, तेवढं सांग." मी येईन म्हटलं. "सरी," म्हणाल्या आणि पुन्हा सडा टाकायला लागल्या. माफीबिफी काही नाही, उपदेश नाही. खरं सांगते, त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर मी त्या दिवशी सुटले असते. त्याऐवजी मी बारा वर्षं शुक्रवार चुकवला नाही.

त्या सोमवारी नऊ वाजले, शेडमध्ये एकही मूल नाही. अक्का आणि मी समोरासमोर बसलेल्या, पेजेचं पातेलं झाकलेलं. मला वाटलं संपलं सगळं, माझ्या एका पुडीपायी संपलं. आणि फाटक वाजलं. सिद्दम्मा आली होती. मंजुळेला खाली ठेवून, भाजीची एक जुडी देऊन निघून गेली. जिचं मूल हरवलं होतं तीच आधी आली म्हटल्यावर बाकीच्यांना घरी बसायला तोंड राहिलं नाही. दहापर्यंत फिटरची जुळी आली, आठवडाभरात सगळी आली, आणि ज्या गवंड्याला मंजुळा सापडली होती त्यानं आपल्या हातानं अंगणाची भिंत उंच करून दिली. एका सुतारानं नवी कडी बसवली, इतकी घट्ट की उघडायलाच जोर लागावा. अक्का तीही दोनदा ओढायच्या. आज शेडमध्ये चाळीसच्या वर मुलं आहेत. श्रीधर आता कुणाला चावत नाही, फक्त मला उलट उत्तरं देतो. मंजुळा हायस्कूलला आहे आणि आईच्या भाजीचे हिशोब चुकले की तिला फाडफाड बोलते.

मागच्या आठवड्यात आम्ही सगळ्या बायका शेडमध्ये जमलो. पुढे कसं करायचं? भावानं सांगितलं, जागा आहे तोवर वापरा. बाकी वारांची नावं होती, शनिवार रिकामा होता. दाराशी पाटीवर अक्कांच्या हातचं "वेणूअक्का" अजून तसंच, शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी लिहिलेलं. ते कुणाला पुसवेना आणि त्या जागी आपलं नाव घालायला कुणी तयार होईना. ती पाटी बघता-बघता मला एकदम सहन होईना. मी उठले आणि माझ्या मोडक्या कानडीत सगळं सांगितलं. शेंगा, भिंतीआडची पुडी, कडी, चटईच्या काड्या. सांगताना सिद्दम्माकडे बघायचं धाडस झालं नाही.

सिद्दम्मा म्हणाली, "गोत्तित्तु, अम्मा." ठाऊक होतं.

ती म्हणाली, त्या सकाळी मी अक्कांबरोबरच बाहेर पडले होते. त्यांनी कडी लावली आणि दोनदा ओढली, माझ्या डोळ्यांसमोर. मग तू बैठकीत बोलली का नाहीस, मी विचारलं. तिनं सांगितलं की तेव्हा तिला फार राग आला होता, अक्कांचाही आणि माझाही. घरी जाऊन रात्रभर विचार केला. "तुमचं नाव घेतलं असतं तर तुम्ही आला नसता. तुमच्या मागोमाग चार जणी घरी बसल्या असत्या. मग मी मंजुळेला पुन्हा पाटीत घालून हिंडायचं का?" मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, शनिवार मी घेते. मी म्हटलं, आणि भाजी? तर म्हणाली, शनिवारी लवकर विकून येते, उरली तर पेजेत घालू. इतकी वर्षं ती वेळ देऊ शकत नाही म्हणून भाजी देत आली होती.

काल शनिवार. मी आपली सवयीनं गेलेच. पाटीवर अक्कांचं नाव कुणी पुसलं नव्हतं, त्याच्या खाली मंजुळेनं कानडीत आईचं नाव लिहिलं होतं. आत सिद्दम्मा पाच-सहा पोरांना घेऊन बसली होती, एकाचं नाक पुसत होती, दुसऱ्याला गोष्ट सांगत होती. मी दारात घुटमळले तर तिनं हातानंच मला जा म्हटलं. वार माझा नव्हता. मी बाहेर आले, वरून हात घालून कडी लावली, ओढली आणि निघाले. चार पावलं गेले तर पाठीमागून सिद्दम्माची हाक, "अम्मा!" मागे वळून पाहिलं. ती गोष्ट थांबवून माझ्याकडे बघत होती, मांडीवरची पोरंही बघत होती. मी परत गेले आणि कडी आणखी एकदा ओढली.