चुन्याची निवळी आणि तेल

तव्याचा चटका बसला म्हणून आज चुन्याची निवळी तेलात घोटायला बसले, आणि त्या वासानं जुना संताप उफाळून आला.

कळसाडीच्या गुऱ्हाळात वडिलांच्या हातावर उकळता पाक उडाला होता. आई परातीत निवळी घोटत होती, मोठे काका तेल ओतत होते. जेठाशी बोलायची रीत नव्हती, म्हणून पदराआडून ती मला म्हणाली, "काकाले सांग, तेल थेंब थेंब टाका."

मी तोंड उघडेपर्यंत भावाची तडफड न बघवून काकांनी "भाऊ तडफडी ऱ्हायना!" म्हणत सगळी वाटी उपडी केली. तेल वेगळं होऊन वर तरंगलं. वडील कण्हत राहिले, आईनं पुन्हा पहिल्यापासून घोटायला घेतलं.

मी निरोप द्यायला उशीर केला, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. अहो, काका आईपासून हातभर अंतरावर बसले होते!