कंडक्टरताईचं कोरं तिकीट

कंडक्टरताई कुणाच्याही हातातला कागद नुसता पाहून सोडत नसे. तो स्वतःच्या हातात घेई, उलटा करी, सुलटा करी आणि मगच परत देई. लग्नाची पत्रिका असो, विजेचं बिल असो, नाहीतर आमच्या गौरीचं प्रगतिपुस्तक. पुसदला आमच्या वरच्या खोलीत ती काही वर्षं भाड्यानं राहत होती आणि पुसद-उमरखेड गाडीवर कंडक्टर होती. खोली बघायला आली त्या दिवशी मी तिला नळाच्या वेळा लिहिलेला कागद दुरून दाखवला, तर तिनं तो माझ्या बोटांतून काढूनच घेतला. माझ्या कपाळावरची आठी तिला दिसली असावी.

"रागाऊ नोका भाऊ," ती म्हणाली. "दुरून सगळेच कागद सारखे दिसते. गाडीत लोकं मले कालचं तिकीट दाखवते ना!"

मी कृषी केंद्रात हिशेब लिहितो. बिल आणि माल जुळल्याशिवाय मला जेवण जात नाही. त्यामुळे हे बोलणं मला तिथल्या तिथे पटलं. बायको हसून म्हणाली, "घ्या, तुमच्या जातीचं माणूस मिळालं तुम्हाला."

गाडीत तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी ओळख दाखवायला लागला की ती म्हणे, "पयले तिकीट बोला, वळख मंग काढा." एकदा तिची स्वतःची आई तांड्यावरून तिच्याच गाडीत चढली. लेकीला खाकी कपड्यांत पाहून म्हातारीचे डोळे भरून आले. ताईनं आईच्या पाया पडून घेतलं, आणि उभी राहत म्हणाली, "याडी, कुठपर्यंत?" याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. म्हातारीनं तिकीट काढलं आणि पुढे गावभर सांगत सुटली, की माही पोरगी मलेबी सोडत नाही. तक्रार करतेय की कौतुक, हे ऐकणाऱ्याला कळत नसे.

घरीही ती गाडीतच असल्यासारखी बोले. नळावर बायकांची गर्दी झाली की जिन्यावरून आवाज येई, "पुढं सरका, पुढं जागा हाय!" गौरी तेव्हा तिसरीत होती. ती ताईची सावली झाली. जेवायला बसलो की माझ्या ताटापाशी येऊन ताईसारखंच विचारायची, "मागं कोणाचं राह्यलं?" कुणी उत्तर दिलं नाही, तर पोळी मिळत नसे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. पोरं लाकडी बैल सजवून आणतात, स्वतःही वेश करतात, आणि उत्तम वेशाला बक्षीस असतं. दरवर्षी तेच राजे, त्याच राण्या. गौरी म्हणाली, "मी कंडक्टरताई होणार." खाकी सदरा आणि पैशांचा बटवा बायकोनं शिवला. अडलं ते तिकिटाच्या मशीनपाशी.

घरात टीव्हीला जोडून खेळायचा एक स्वस्तातला व्हिडिओ गेम होता. तो कधीच बंद पडला होता, त्याचं बटणांचं हँडल तेवढं उरलं होतं. मी त्याची वायर कापली आणि समोर जाड पुठ्ठ्याची पट्टी बांधून पोरीच्या गळ्यात अडकवलं. ताई ड्युटीवरून येत होती. जिन्यातच थांबली.

"भाऊ, हे काय आडवं बांधून राह्यले? मशीन उभं असते."

मग मी ते उभं केलं. एका बाजूची मूठ करवतीनं कापली, काळा रंग दिला, जुन्या कॅल्क्युलेटरची काच बसवली. बटणांवर आकडे चिकटवले. खाली फट पाडून आमच्या दुकानातल्या बिलाच्या कागदाची गुंडाळी आत ठेवली. ताईनं ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "दिसते बरोबर. पण आवाज कुठं हाय? आवाज नसला त लोकं पैसे काढत नाही." तेव्हा मी खेळण्यातल्या मोटारीचं एक दातेरी चाक आत बसवलं. कागद ओढला की कर्रर्र वाजे. ताईनं आपला जुना पट्टा आणून दिला.

इथवर ठीक होतं. पण खेळण्यातला असला तरी चुकीचा आकडा माझ्याच्यानं लिहवत नाही. मी ताईकडून भाड्याचा तक्ता मागून घेतला आणि गुंडाळीवर, फाडायच्या खुणा करत, एकेका थांब्याचं नाव आणि बायकांचं अर्धं भाडं बारीक अक्षरात लिहून काढलं. बायको म्हणाली, "काहून एवढं? पोरीचा खेळ आहे." मी म्हणालो, "खेळ असला म्हणून काय झालं?"

गौरीला पहिलं बक्षीस मिळालं. बक्षीस देणारे गृहस्थ मशीन निरखून म्हणाले, "हुबेहूब आहे!" मी मान ताठ करून घरी आलो.

संध्याकाळी उमरखेडच्या वाटेवर माझ्या सासुरवाडीला जायचं होतं. बायको आधीच गेली होती. गौरीनं हट्ट धरला, ताईच्याच गाडीनं जायचं आणि वेश उतरवायचा नाही. ताईनं तिला पाहून कपाळाला हात लावला. "बाप्पा! आता मले घरी पाठवते वाटते ही!" सणामुळे गाडी भरलेली होती. आम्ही मागे बसलो. गौरी आजूबाजूच्यांना चिठ्ठ्या देऊ लागली. कुणी पैसे म्हणून शेंगदाणा दिला, कुणी रिकामी मूठ. एक धिप्पाड माणूस म्हणाला, "ओ बाई, आमालेबी अर्धं द्या ना, आमीबी लहानच आहो."

एका फाट्यावर कुठल्याशा तांड्यावरची एक म्हातारी चढली आणि गर्दीतून वाट काढत गौरीच्या शेजारी येऊन बसली. ताई पुढे तिकिटं देत होती. मी वाकून, कुणाचा पाय पडू नये म्हणून लाकडी बैल सीटखाली सरकवत होतो. मान वर केली तेव्हा म्हातारीच्या मुठीत चिठ्ठी होती. मला वाटलं, आजीही पोरीच्या खेळात आली. बरं वाटलं मला.

"मागं कोणाचं राह्यलं?" ताई विचारत आली. म्हातारीनं चिठ्ठीची मूठ वर केली. त्याच क्षणी गौरीनं ताईला कडक सलाम ठोकला. ताई हसली, तिनंही सलाम केला आणि पुढे वळली. म्हातारीचा कागद तिनं हातात घेतला नाही. मी ते पाहिलं, आणि पाहूनही माझ्या ध्यानात आलं नाही.

पुढच्या थांब्यावर दोन तपासनीस चढले.

"आजी, हे काय आहे?"

"तिकीट. बाईनं देल्लं."

"कोणत्या बाईनं?"

म्हातारीनं गौरीकडे बोट दाखवलं. अख्खी गाडी हसली. ताई हसली नाही. गौरीनं बटव्यातून घडी केलेली नोट काढली. "आजीनं दिली होती," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

तपासनिसांनी मशीन हातात घेऊन कागद ओढला. कर्रर्र वाजलं. "कोणी बनवलं?"

"मी."

"आणि भाडं?"

"तक्ता पाहून लिहिलं."

"हुबेहूब आहे," ते म्हणाले. बक्षिसाच्या वेळचाच शब्द. या वेळी मला पायाखालच्या पत्र्याकडे पाहावं लागलं.

"साहेब, ताईंचा यात काही दोष नाही..." मी बोलू लागलो.

"भाऊ, तुमी बसा," ताई म्हणाली. "माह्या गाडीत बिगर तिकिटाचं माणूस सापडलं, ते खरं हाय. माह्यं लक्ष पोरीकडं होतं, तेबी खरं हाय. लिहा साहेब."

म्हातारी घाबरली होती. "मले उतरवतं का व बाई?" ताईनं तिला 'याडी' म्हणून हाक मारली आणि तिच्या बोलीत काहीतरी सांगितलं. गौरीकडून नोट घेतली, खरं तिकीट काढलं, म्हातारीच्या हातात ठेवलं आणि तिची मूठ स्वतःच्या हातानं मिटली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तिच्यावर एकही रिपोर्ट नव्हता. तो त्या संध्याकाळी झाला.

मी सगळी हकिकत लिहून, सही करून तिच्या खोलीवर घेऊन गेलो. तिनं कागद उलटासुलटा केला. "अक्षर चांगलं हाय भाऊ," ती म्हणाली, "पण यानं त्या आजीचं तिकीट फाटत नाही." आणि परत दिला. आवाजात राग नव्हता. असता तर मला जिना उतरणं सोपं गेलं असतं. त्यानंतर ती कामावरून येताना दिसली की मी सायकल पुसायला घेत असे. गौरी वर जायची थांबली. ताटापाशी कुणी काही विचारेनासं झालं. मशीनमधला भाडं लिहिलेला कागद मी फाडून टाकला आणि मशीन माळ्यावर ठेवून दिलं.

पुढे ताईची राळेगावला बदली झाली. तशीही होणारच होती, असं ती म्हणाली. खरं किती, हे मी विचारलं नाही. हिशेब अर्धा सोडून देण्याची माझी ती पहिली वेळ.

निघायच्या दिवशी तिची ट्रंक ऑटोत ठेवली. गौरी आईच्या पदराआड उभी होती. ताई ऑटोत बसता बसता परत आली आणि दारात उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "मागं कोणाचं राह्यलं?"

गौरीनं पदराआडून डोकं बाहेर काढलं.

"माह्यंच राह्यलं. राळेगाव एक."

गौरीनं माझ्याकडे पाहिलं. मी स्टूल घेतलं, माळ्यावरून मशीन काढलं, सदऱ्याच्या बाहीनं धूळ पुसली. गौरीनं बटणं दाबली, कागद ओढला. कर्रर्र. ताईनं चिठ्ठी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"कोरं हाय."

"भाडं मी फाडून टाकलं," मी म्हणालो.

"बरं केलं." तिनं ती चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि गौरीच्या डोक्यावर हात ठेवला. "चाल, दे डबल बेल."

गौरीनं तोंडानं घंटा वाजवली. ऑटो कोपऱ्यावर वळला तरी ती हात हलवत होती. मी मशीन धरून उभा होतो, बटणांची बाजू पोटाशी वळवून, रस्त्यावरच्या कुणाला दिसू नये म्हणून.